प्रतिसाद: डिफेन्स कंपनीतला इंटरव्ह्यू
डिफेन्स कंपनीतल्या इंटरव्ह्यूच्या तयारीला फक्त लीटकोडवर (कोडिंगची कोडी सोडवायची वेबसाइट) भागेल का, असं तुम्ही विचारलंय. विमानातल्या एम्बेडेड, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरची जागा असेल तर नाही भागणार. सी ही प्रोग्रामिंग भाषा पक्की हवी: व्होलाटाइल (व्हेरिएबलची किंमत बाहेरून बदलू शकते असं कंपायलरला सांगणारा शब्द) कशासाठी, इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने चालू काम मध्येच थांबवून चालवलेला कोड) काय करू नये, सिस्टिम सुरू झाल्यावर मॅलॉक (चालू प्रोग्राममध्ये मेमरी मागणारं फंक्शन) का टाळतात. मिसरा-सी, म्हणजे सुरक्षित सी लिहिण्याची नियमावली, चाळाच.

डीओ-१७८सी, म्हणजे विमानातल्या सॉफ्टवेअरचं मानक, त्यामध्ये लेव्हल ए ला (सर्वात कडक पातळी) एमसी/डीसी कव्हरेज (टेस्ट किती पुरेशा आहेत याचं माप) लागतं, म्हणजे प्रत्येक अट एकटीने निकाल बदलते हे टेस्टने दाखवायचं. 'अ आणि ब' ला चार नाही, तीनच टेस्ट पुरतात: दोन्ही खरे, फक्त अ खोटा, फक्त ब खोटा. हे कागदावर सोडवून जा.

आणि कळकळीने सांगतो, आधीच्या नोकरीतलं गोपनीय काही बोलू नका. कुणी खोदून विचारलं तरी "ते सांगता येणार नाही" असं सरळ म्हणा.