शब्दचर्चा: 'डिस्पर्स' म्हणजे पांगवणे? (ऑस्ट्रेलियन सिनेमांच्या निमित्ताने)

ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीच्या काळावरचे सिनेमे आणि त्यातले अ‍ॅबोरिजिनल लोक (तिथले मूळचे रहिवासी) यावर मराठीत लिहितोय आणि एका शब्दापाशी अडकलोय. क्वीन्सलंडात एकोणिसाव्या शतकात नेटिव्ह पोलीस नावाचं दल होतं, वर गोरे अधिकारी आणि खाली अ‍ॅबोरिजिनल शिपाई, आणि त्यांच्या रिपोर्टात अमुक टोळीला 'डिस्पर्स' केलं असं लिहिलेलं असायचं. कोशात अर्थ पांगवणे. पण १८६१ ला तिथल्या संसदेच्या चौकशी समितीने फ्रेडरिक व्हीलर नावाच्या अधिकाऱ्याला विचारलं की डिस्पर्स म्हणजे नक्की काय करता, तर त्याने सांगितलं, त्यांच्यावर गोळ्या झाडतो. मग मराठीत पांगवलं लिहू की ठार मारलं लिहू? सुचवा.

प्रतिसाद:
नुसतं पांगवलं अजिबात नको. आपल्याकडे पेपरात 'लाठीमार करून जमाव पांगवला' इतक्या वेळा वाचलंय की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर चपला टाकून पळणारी आणि संध्याकाळी घरी पोचलेली माणसं येतात. इथे घरी कोणी पोचलंच नाही ना. माझं मत, रिपोर्टातलं वाक्य असेल तिथे अवतरणात 'पांगवलं' ठेवा कारण अधिकाऱ्याने खोटं कसं लिहिलं तेही कळायला पाहिजे, आणि तुम्ही स्वतः सांगताय तिथे सरळ कत्तल म्हणा. चकमक पण नको, चकमक म्हटलं की दोन्हीकडे बंदुका आल्या.

प्रतिसाद:
+१. यावर रॉल्फ द हीरचा 'द ट्रॅकर' (२००२) बघाच. काळ १९२२, तीन गोरे घोड्यावर आणि माग काढणारा अ‍ॅबोरिजिनल माणूस पुढे पायी, ते काम डेव्हिड गुलपिलिलने केलंय. त्यात गोळीबार सुरू झाला की कॅमेरा पीटर कोडच्या चित्रांवर जातो, आवाज मात्र चालूच राहतो. मला ते फार पटलं. काय झालं ते लपत नाही आणि मेलेल्या माणसांचा तमाशाही होत नाही. जुन्या गोळीबाराच्या सिनेमांत नेटिव्ह नुसते घोड्यावरून पडायला असायचे, इथे सगळ्यात जास्त समजणारा माणूस तोच आहे आणि शेवटी न्यायही तोच करतो.

शीर्षकाचं मराठी 'वाटाड्या' कोणी करू नका हं, वाटाड्या वाट दाखवतो. हा माग काढतो, आणि स्वतःच्याच लोकांपैकी एकाचा, तेही गळ्यात साखळी घालून. मराठीत 'मागावर असणं' आहे त्यामुळे 'माग काढणारा' चालून जाईल.

प्रतिसाद:
माग काढणारा म्हटलं की मला रामोशी आठवतात. पूर्वी चोरी झाली की रामोशाने चोराचा माग पुढच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचा आणि तिथून पुढे त्या गावाची जबाबदारी. पण ते गावकीतलं काम होतं, त्याला हक्क होते. गुलपिलिलच्या पात्राला काहीच हक्क नाही, म्हणून तुलना इथेच थांबवतो.

प्रतिसाद:
डिस्पर्सच्या जोडीला 'प्रोटेक्टर' पण घ्या. 'रॅबिट-प्रूफ फेन्स' (२००२) मध्ये १९३१ साली जिगालाँगहून तीन मुलींना आयांच्या हातातून ओढून मूर रिव्हरच्या सरकारी वस्तीत नेतात, आणि हे ज्याच्या हुकमाने होतं त्या ए. ओ. नेव्हिलचं पद चीफ प्रोटेक्टर. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९०५ च्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या अ‍ॅबोरिजिनल मुलांचा कायदेशीर पालक आई नाही, बाप नाही, हा माणूस. आता याचं मराठी 'संरक्षक' केलं की वाचक समजणार कोणीतरी भला अधिकारी असेल. मी तरी प्रोटेक्टर हाच शब्द ठेवून पहिल्याच वाक्यात त्याचे अधिकार सांगेन.

प्रतिसाद:
तो सिनेमा वर्गात दाखवतो मी. मुलांना सगळ्यात जास्त त्रास गाडीच्या काचेवर हात आपटणाऱ्या आईचा होतो.

प्रतिसाद:
आणि फ्रंटियर? सरहद्द म्हटलं तर दोन राज्यं आणि मधे चौकी असं वाटतं. इथे तर वसाहत मेंढरं-गुरं घेऊन दरवर्षी दुसऱ्याच्या मुलखात आत आत घुसतेय, पाण्याच्या जागा बळकावतेय आणि त्यावरूनच मारामाऱ्या होतायत.

मूळ धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार, खूप मदत झाली. फ्रंटियरला 'वसाहतीची कड' लिहितो आणि मुलूख हा शब्द त्या लोकांच्या 'कंट्री'साठी राखून ठेवतो. कंट्री म्हणजे त्यांच्या बोलण्यात नुसती जमीन किंवा देश नाही, नातेवाईक, पूर्वज, कायदा, पाणवठे सगळं त्यात येतं, आणि मराठीत 'आमचा मुलूख' म्हणताना त्यातलं बरंचसं येतं असं मला वाटतं. म्हणून वॉरिक थॉर्नटनच्या 'स्वीट कंट्री'चं (२०१७) 'गोड देश' करणार नाही, नाव तसंच ठेवणार. तो स्वतः केटेट्ये या अ‍ॅबोरिजिनल समाजातला, त्यामुळे त्यात सॅम केली गोऱ्या शेजाऱ्याला स्वसंरक्षणात गोळी घालून बायकोला घेऊन पळतो तेव्हा वाळवंट भीतीदायक दिसत नाही, भीती पाठलाग करणाऱ्यांना वाटते.

लोकांसाठी मूलनिवासी लिहिणार नाही, आपल्याकडे त्या शब्दाला चळवळीचा वेगळा इतिहास आहे. अ‍ॅबोरिजिनल लिहितो, आणि जिथे माहिती आहे तिथे समाजाचं नाव, योल्ंगू असेल तर योल्ंगू. 'अ‍ॅबोरिजिनी' तिथे अपमानकारक समजतात, त्यामुळे ते माझ्या मसुद्यात दिसलं तर लगेच सांगा.