विहिरीच्या पाण्यासाठी यूव्ही दिवा पुरेसा आहे का?

प्रश्न:
आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यात असून पिण्याचे पाणी घरच्या विहिरीचे आहे. पावसाळ्यात ते गढूळ होते, म्हणून आजवर तुरटी फिरवून व टीसीएल (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग) पावडर टाकून वापरत आलो. परंतु आईला क्लोरीनचा वास सहन होत नाही. केवळ अतिनील (यूव्ही) किरणांचे उपकरण बसवले तर चालेल काय?

उत्तर १:
नुसत्या दिव्याने भागणार नाही, कारण तुमची मूळ अडचण गढूळपणाची आहे. या दिव्यातून प्रामुख्याने २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण निघतात. त्यांनी जंतूच्या डीएनएतील शेजारशेजारचे थायमिन हे घटक एकमेकांना जोडले जातात आणि जंतूची वाढ खुंटते. मात्र मातीचा कण आड आला की त्याच्या सावलीतला जंतू सहज सुटतो. म्हणून तुरटीने निवळलेले पाणी आधी ५ मायक्रॉनच्या गाळणीतून जाऊ द्यावे. उपकरण घेताना किरणांची मात्रा दर चौरस सेंटिमीटरला किमान ४० मिलिज्यूल आहे ना, हे विचारावे.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण क्लोरीनला सरसकट मोडीत काढू नये. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, पण तो या किरणांच्या थोड्याशा मात्रेनेही निष्प्रभ होतो. अ‍ॅडेनोव्हायरस या विषाणूचे नेमके उलटे आहे: तो किरणांना सहज दाद देत नाही, पण क्लोरीनपुढे टिकत नाही. शिवाय किरणांचा परिणाम पाण्यात मागे उरत नाही, त्यामुळे हंड्यात भरून ठेवलेले पाणी ओगराळे बुडवताच पुन्हा दूषित होऊ शकते. पाण्यात लोह असल्यास दिव्याभोवतीच्या क्वार्ट्झ नळीवर तांबूस थर बसतो. (मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ अशोक गाडगीळ यांनी १९९० च्या दशकात केलेल्या यंत्रात दिवा पाण्याच्या वर हवेत टांगलेला असतो, त्यामुळे हा प्रश्नच उद्भवत नाही.)

प्रश्नकर्ता:
आभार. आमच्याकडे पावसात वीज वरचेवर जाते, तेव्हा काय करावे?

उत्तर २:
वीज गेली की पाणी आपोआप बंद करणारी झडप असलेलेच उपकरण घ्यावे, अन्यथा निर्जंतुक न झालेले पाणी तसेच पुढे येईल. तेवढ्या वेळेपुरते पाणी खळखळून उकळावे. दिवा निळसर दिसतो म्हणून तो ठीक आहे असे समजू नये. सतत चालू असल्यास साधारण ९,००० तासांनी, म्हणजे वर्षभराने, तो बदलावाच लागतो. नळी पुसताना दिवा बंद ठेवावा, कारण हे किरण डोळ्यांना इजा करतात.