वाड्याच्या पडलेल्या बाजूला काच-स्टीलचं बांधकाम करावं का?

बाळीवेसकर: नमस्कार मंडळी. आमचा सोलापुरात जुना वाडा आहे, सागवानी खांब, कडीपाट म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट धाबं. पुढचा सोपा (ओसरी) आणि चौक धडधाकट आहे पण मागची बाजू पावसात बसली, आता दुरुस्ती काढलीय तर आर्किटेक्ट म्हणतायत मागं जुन्यासारखं खोटं लाकूडकाम करण्यापेक्षा सरळ स्टील-काचेचं नवं बांधू, आणि काका म्हणतात काच लावली की वाड्याचं शोरूम होईल. घरात रोज हाच विषय चाललाय. काय करावं?

चुनखडी: आर्किटेक्टशी मी सहमत. 1964 च्या व्हेनिस चार्टरमध्येही, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांमध्येही, हेच आहे, भर घालणं टाळताच येत नसेल तर ती आजच्या काळाची आहे हे दिसलं पाहिजे. इंग्लंडमधलं ॲस्टली कासल बघा नेटवर, जुनी गढीच म्हणा ना, 1978 च्या आगीत जळून नुसत्या भिंती उरल्या होत्या. त्यांनी जळालेलं परत जसंच्या तसं उभं केलं नाही, पडक्या भिंतींच्या आतच विटा-लाकडाचं नवं घर बसवलं. 2013 चं स्टर्लिंग प्राइज, तिकडचं वास्तुकलेचं मोठं बक्षीस, मिळालं त्याला. जुना दगड कुठं संपतो आणि नवी वीट कुठं सुरू होते ते लांबूनही कळतं, आणि मला तरी तेच सगळ्यात सुंदर वाटतं.

मिस्त्रीभाऊ: दादा, दिसण्याचं नंतर बघा, आधी वजनाचं बोला. ॲस्टलीत नव्या विटांनी जुन्या दगडाला आधार दिलाय, तुमची भिंत पांढऱ्या मातीची असंल तर तिच्यावर गर्डर अजिबात टेकवू नका. नवं बांधकाम स्वतःच्या कॉलमवर उभं करा, मधी फट ठेवा आणि फटीवर पत्रा वाकवून बसवा म्हणजे पाणी आत जाणार नाही. पाया काळ्या मातीत थांबवू नका, ती पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, मुरूम लागेपर्यंत खाली जा, पण जुन्या जोत्याला चिकटून खोल खड्डा घेतला तर उरलेली भिंत पण येईल. आणि पुढच्या सोप्याला सिमेंट प्लॅस्टर कुणी सुचवलं तर ऐकू नका, ओल आतच अडकते, लोणा म्हणजे क्षार धरतो, मग पापुद्रे सुटतात. चुनाच पाहिजे.

बाळीवेसकर: लई उपयोगी सांगितलंत मिस्त्रीभाऊ. भिंत पांढऱ्या मातीचीच आहे. आणि मागची बाजू पश्चिमेला आहे हे सांगायचं राहिलं.

मिस्त्रीभाऊ: मग मोठी काच नकोच. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळीसच्या वर, दुपारचं ऊन थेट आत येणार, एसी लावूनपण बसवणार नाही. काच चौकाच्या बाजूला घ्या, तिथं सावली असते. पश्चिमेला जाड भिंत, छोट्या खिडक्या.

चुनखडी: हे एकदम पटलं. नवं म्हणजे काचच असं कुठंय, साध्या विटेची भिंतसुद्धा नवी दिसू शकते. काकांनाही चालेल बहुतेक. फक्त काम काढायच्या आधी महापालिकेत विचारा वाडा वारसा यादीत आहे का, असेल तर परवानगी वेगळी लागते.