६६६ म्हणजे नीरो, की अजून कोणी यायचाय?

नगरकर:
जय ख्रिस्त मंडळी. आमच्या घरगुती प्रार्थनेत परत तोच विषय निघाला, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरण १३ मधलं श्वापद आणि त्याची संख्या ६६६. श्वापदाचा शिक्का म्हणजे आधी बारकोड होता, मग आधार, कोरोनात लस, आता चिप. माझी आई या भीतीनेच लस घेत नव्हती, तिला समजावण्यात दोन महिने गेले म्हणून कळकळीने लिहितोय. ते पुस्तक लिहिणारा योहान स्वतः म्हणतो ही माणसाची संख्या आहे, हिशोब करा. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. रोमन सम्राट नीरोचं नाव 'नेरोन केसर' असं लिहा, ५०+२००+६+५० आणि १००+६०+२००, झाले ६६६. शेवटचा न गाळून लॅटिनसारखं 'नेरो' लिहिलं तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरंच ६१६ आहे! अजून काय पाहिजे?

मिरजची लेक:
दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं पण मला नाही पटत. इरेनियस या जुन्या बिशपने इ.स. १८० च्या सुमारास लिहिलंय, त्याला ६१६ वाली प्रत माहीत होती आणि ती चूक आहे म्हणतो, ६६६ साठी नावं सुचवतो त्यात नीरो नाहीच. वर योहानाला दर्शन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या शेवटी झालं म्हणतो, म्हणजे ९५ च्या आसपास, आणि नीरो मेला ६८ ला. मेलेल्यापासून कोण सावध करतं? आणि सगळं तेव्हाच संपलं तर २१ व्या अध्यायातलं अश्रू पुसणं, मरण नाहीसं होणं कधी झालं? पप्पा गेले तेव्हा कबरेपाशी तोच अध्याय वाचला होता आम्ही.

नगरकर:
ताई, २१ वा पुढचाच, त्यात वाद नाही. पण नीरो परत येणार अशी आवई तेव्हा उठली होती, त्याचे तोतयेसुद्धा निघाले. १३:३ बघा, श्वापदाच्या एका डोक्याला मरणाची जखम आणि ती बरी झाली.

मराठवाडी:
तुम्ही दोघं आकड्यातच अडकलात. ६:५-६ वाचा, काळा घोडा, स्वाराच्या हातात तराजू, एका दीनाराला शेरभर गहू. दीनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज आणि शेरभर गहू म्हणजे एकट्याचं दिवसाचं खाणं, मग बायकापोरांनी काय खायचं, जव घेतले तर तीन शेर मिळतात तेवढंच. तेलाला अन् द्राक्षारसाला मात्र हात लावू नको म्हणतो. दुष्काळात कोणाचं ताट रिकामं होतं ते आम्ही बघितलंय. पुढे १८ व्या अध्यायात बाबेल नगरी पडते तेव्हा व्यापारी रडतात, त्यांच्या मालाची यादी बघा, सोनं, मोती, दालचिनी, गहू, गुरं, आणि सगळ्यात शेवटी माणसं. १७:९ मधे सात डोंगर आहेत, रोमही सात टेकड्यांवरचं, म्हणजे बाबेल रोमच, पण माणसं विकणं रोमबरोबर थांबलं का?

मिरजची लेक:
हे काळजाला लागलं. पण श्वापदाच्या शिक्क्याचं काय? उजव्या हातावर किंवा कपाळावर, आणि तो नसेल तर खरेदी-विक्री बंद, इतकं स्पष्ट लिहिलंय.

नगरकर:
त्याच्या थोडं पुढेच १४:१ बघा. कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्याही कपाळावर त्याचं आणि पित्याचं नाव आहे. ती चिप आहे असं आपण कधी म्हणतो का? तिथे 'हा कोणाचा माणूस' एवढंच विचारतो ना, मग दोन वचनं आधी वेगळा अर्थ कसा काय?

मिरजची लेक:
ही दोन वचनं शेजारी ठेवून कधीच वाचली नव्हती. लसीची भीती घालणं चूक, मान्य. पण शेवटचं श्वापद अजून यायचंय हे मी सोडणार नाही दादा.