राइट फिल्डरचा ‘हात चांगला’ म्हणजे नेमकं काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

माझी लेक १२ वर्षांची आहे. पिट्सबर्गच्या एका उपनगरात राहतो आम्ही. गेली तीन वर्षं ती मुलांच्या टीममध्ये बेसबॉल खेळते. यंदा नवीन कोचने तिला राइट फिल्डला, म्हणजे बॅटरकडून पाहता उजवीकडे लांब, उभं केलं. पहिल्या तीन सामन्यांत तिच्याकडे चेंडू आले मोजून चार. परतताना गाडीत गप्प होती. घर जवळ आल्यावर म्हणाली, “बाबा, जो सगळ्यात कच्चा असतो ना, त्याला राइटला पाठवतात. सगळ्यांना माहितीये.”

कोचला विचारलं, तर तो म्हणाला की टीममध्ये सगळ्यात चांगला हात तिचा आहे, म्हणूनच तिथे ठेवलंय. यातलं खरं काय?

दुसरी अडचण माझी आहे. मी मिरजेत कॉलेजपर्यंत क्रिकेट खेळलो. तिला फेकायला मीच शिकवलं, बाउंड्रीवरून थेट कीपरच्या हातात, चांगला उंच थ्रो. कोचला नेमका तोच नको आहे. सारखं “खाली, खाली” ओरडत असतो. इतक्या लांबून येणारा चेंडू उंच आला तर बिघडलं कुठे? आणि आउटफिल्डरचा, म्हणजे असा लांब उभ्या राहणाऱ्या फिल्डरचा, हात चांगला की वाईट हे जाणकार कशावरून ठरवतात? ही ताकद जन्मजात असते की कमावता येते? इथे बेसबॉल बघणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

सीमारेषा

कृष्णाकाठ, दोघंही खरं बोलतायत.

बहुतेक बॅटर उजवे असतात आणि त्यांचा ओढून मारलेला फटका डावीकडे जातो, आपल्याकडे मिडविकेटला जातो तसा. म्हणून लहान मुलांच्या सामन्यात राइटला चेंडू कमी येतात आणि कोच कच्च्या मुलाला तिथे लपवतात. मोठ्यांच्या खेळात चित्र पालटतं. समजा पहिल्या बेसवर रनर (आधीच बेस गाठलेला बॅटर) आहे आणि उजवीकडे सिंगल (बॅटरला पहिल्या बेसपर्यंत नेणारा फटका) गेला. रनरला दुसऱ्यावर न थांबता तिसरा बेस गाठायचा असतो. लेफ्ट फिल्डरला तो बेस अगदी समोर, राइट फिल्डरला मैदानाच्या पार पलीकडे. म्हणून आउटफिल्डमधला सगळ्यात दमदार हात राइटला ठेवायची रीत आहे. तुमचा कोच तिला मोठ्यांच्या हिशोबाने उभं करतोय. मला तो कोच आवडला.

आणि पिट्सबर्गला राहता म्हणता! तिथल्या पायरेट्स टीमच्या मैदानाची, पीएनसी पार्कची, राइट फिल्डची भिंत २१ फूट उंच आहे, ती त्यांचा राइट फिल्डर रॉबर्टो क्लेमेंटेच्या २१ नंबरसाठी. १९५५ ते १९७२, अठरा मोसम तो पायरेट्सकडून खेळला. १९६१ पासून शेवटच्या मोसमापर्यंत सलग १२ गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फिल्डिंगचा पुरस्कार) त्याचे. ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं आणि त्यात तो गेला. ३८ वर्षांचा होता.

मी इथे आलो १९९६ साली, त्यामुळे त्याला पाहिलं नाही. पण आमच्या कारखान्यातला एक वयस्कर फोरमन लहानपणी वडिलांबरोबर पायरेट्सच्या जुन्या मैदानावर, फोर्ब्स फिल्डला, जायचा. त्याने सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. म्हणाला, उजवीकडे चेंडू गेला की आम्ही चेंडू बघायचोच नाही, रनर बघायचो. रनर दुसऱ्या बेसला वळसा घ्यायचा, दोन पावलं पुढे जायचा, मान वळवून राइट फिल्डकडे बघायचा आणि मुकाट परत फिरायचा.

चांगला हात म्हणजे ते परत फिरणं. आउटफिल्डरच्या फेकीवर रनर बाद झाला की त्याच्या नावावर ‘असिस्ट’ लागतो. क्लेमेंटे असिस्टमध्ये पाच वेळा नॅशनल लीगच्या (मेजर लीग या इथल्या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन भागांपैकी एक) आउटफिल्डरांत पहिला आला, १९६१ मध्ये तर २७ असिस्ट. तरीही नुसता हा आकडा बघू नका. ज्याच्या हाताचा धाक बसलाय त्याच्यावर कोणी पळतच नाही, मग असिस्ट येणार कुठून? आणि ज्याचा हात कच्चा समजला जातो त्याच्यावर सगळे पळतात, त्यातले काही सापडतात आणि त्याचा आकडा फुगतो. न पळालेल्या रनरचा रकाना स्कोअरबुकात नसतो.

आता उंच थ्रोबद्दल. मीही शिवाजी पार्कला डीपमध्ये उभा राहून तेच शिकलो, त्यामुळे तुमची अडचण कळते. इथे आउटफिल्डर आणि होम प्लेट (तिन्ही बेसनंतर जिथे पोचलं की धाव होते ती जागा) यांच्या मधोमध एक इनफिल्डर (बेसजवळचा फिल्डर) हात वर करून उभा असतो, त्याला कटऑफ म्हणतात. फेक त्याच्या डोक्याच्या उंचीने जायला हवी. होमवरचा रनर सापडणार नाही असं दिसलं तर तो चेंडू मध्येच अडवतो आणि दुसऱ्या बेसकडे सरकणाऱ्या रनरला टिपतो. तुमच्या लेकीचा चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला की होमवर धाव झालीच आणि मागचा रनरही फुकटात एक बेस पुढे गेला. खालून गेलेला चेंडू कॅचरपुढे (इथला कीपर) एक टप्पा घेऊन आला तरी चालतो. उंच चेंडू हवेत रेंगाळतो, आणि रेंगाळणाऱ्या चेंडूखालून रनर आरामात पळतो.

ताकदीपेक्षा पाय महत्त्वाचे. हा हिशोब तिला कागदावर करून दाखवा. २५० फुटांवरून ताशी ८० मैलांऐवजी ८५ मैलांनी फेकलं तर, हवेचा अडथळा बाजूला ठेवून, वाचतो जेमतेम ०.१३ सेकंद. मेजर लीगमधला सरासरी खेळाडू पूर्ण वेगात सेकंदाला २७ फूट पळतो, म्हणजे साडेतीन फुटांचा फरक. उलट चेंडू घेतल्यावर तोल सावरायला एक पाऊल जादा पडलं तर सहज पाव सेकंद जातो. रनर पावणेसात फूट पुढे! ताशी पाच मैल वाढवायला वर्षं लागतात. पाऊल वाचवायला एक उन्हाळा पुरतो.

ते असं. उंच झेल येत असेल तर चेंडूच्या खाली जाऊन उभं राहायचं नाही. दोन-तीन पावलं मागे थांबायचं आणि झेल घेताना पुढे यायचं, म्हणजे अंगाचा झोक आधीच बेसकडे असतो. मग एक छोटी उडी, खांदा लक्ष्याकडे, आणि फेक. बोटं शिवणीवर आडवी हवीत. बेसबॉलची शिवण घोड्याच्या नालासारखी वळते, त्या नालावर आडवी बोटं पडली की चेंडू सरळ उलटा फिरत जातो आणि हवेत तग धरतो. बोटं वेडीवाकडी पडली की तो बाजूला वाहवतो.

आणखी एक, तिला लगेच उपयोगी पडेल असं. तिच्या वयाच्या मैदानावर बेसमधलं अंतर ६० फूट असतं, ९० नाही. उजवीकडे जोरात गेलेल्या सिंगलवर ती पुढे धावत आली, तर बॅटरला थेट पहिल्या बेसवर बाद करू शकते. मोठ्यांच्या खेळात हे क्वचित दिसतं, मुलांच्या खेळात जमतं. चार चेंडूंतला एक तसा होता का, तिला विचारा.

पावसाळी_सिअ‍ॅटल

सीमारेषांचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. आमच्या घरी सिअ‍ॅटलचा जपानी राइट फिल्डर इचिरो म्हणजे दैवत, म्हणून भर घालतो. ११ एप्रिल २००१, ओकलंड. इचिरोचा अमेरिकेतला दुसरा आठवडा. पहिल्या बेसवर टेरेन्स लाँग, चांगला पळणारा. उजवीकडे सिंगल गेला, लाँगने तिसरा बेस धरला. इचिरोने पळत येऊन चेंडू उचलला आणि जमिनीला समांतर असा फेकला की तिसऱ्या बेसवर डेव्हिड बेलला ग्लोव्ह हलवावाच लागला नाही. लाँग बाद. चित्रफीत शंभरदा पाहिली असेल मी. बघायचं असेल तर त्याची फेकण्याआधीची पावलं बघा, सीमारेषा म्हणतायत ते तिथे दिसतं.

पण माझा थोडा मतभेद आहे. बचाव म्हटलं की आपण सगळे फेकीवरच येतो, कारण ती डोळ्यांत भरते. आउटफिल्डरचं पहिलं काम झेल घेणं. २०१५ पासून मेजर लीगमध्ये स्टॅटकास्ट नावाची मोजणी सगळ्या मैदानांवर आहे. फटका बसल्यावर पहिल्या दीड सेकंदात फिल्डर किती हलला, पुढच्या दीड सेकंदात किती वेग घेतला आणि वाट किती सरळ धरली, हे तीन वेगळे भाग करून मोजतात. नुसत्या हातात आरन हिक्सने २०१६ मध्ये ताशी १०५.५ मैलांची फेक केली होती. अफाटच. पण आउटफिल्डर सामन्याला तशी फेक किती वेळा करतो? पहिलं पाऊल मात्र प्रत्येक चेंडूवर टाकावं लागतं.

ओकलंडचा लेफ्ट फिल्डर सेस्पेडेस, त्याची १० जून २०१४ ची फेक आठवा. लेफ्टच्या कोपऱ्यातून थेट होम प्लेट, हवेतल्या हवेत, हॉवी केंड्रिक बाद. विलक्षण होती. पण ती करायची वेळ का आली? आधी चेंडू त्याच्या हातून निसटला होता, म्हणून केंड्रिक पळाला.

सीमारेषा

पावसाळी, मान्य. वाट सरळ धरणारा फिल्डर चेंडूपाशी लवकर पोचतो आणि म्हणून जवळून फेकतो, तिथे दोन्ही गोष्टी एक होतात.

मात्र झेल आणि फेक अशी तोड मला करता येत नाही. २९ सप्टेंबर १९५४, न्यूयॉर्क जायंट्सचं मैदान पोलो ग्राउंड्स, वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा) पहिला सामना. आठवी इनिंग, २-२ बरोबरी, क्लीव्हलंडचे दोन रनर पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, कोणी बाद नाही. क्लीव्हलंडच्या विक वर्ट्झचा फटका सेंटरला डोक्यावरून, आणि जायंट्सच्या विली मेजने पाठमोरा धावत जाऊन झेल घेतला. हा झेल सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतरचं अर्धं सेकंद कोणी फारसं बघत नाही. तो तिथल्या तिथे गिरकी घेतो, टोपी उडते, आणि चेंडू इनफिल्डकडे निघालेला असतो. लॅरी डोबी दुसऱ्यावरून फक्त तिसऱ्यावर गेला, अल रोझन पहिल्यावरच राहिला. त्या मैदानाचं सेंटर इतकं खोल होतं की तिथल्या झेलावर (झेल झाल्यावरही रनरला पळता येतं) दुसऱ्या बेसवरचा रनर होमपर्यंत येण्याची भीती खरी होती. क्लीव्हलंडला त्या इनिंगमध्ये एकही धाव मिळाली नाही आणि जायंट्सनी दहाव्या इनिंगमध्ये ५-२ ने सामना घेतला. नुसता झेल घेऊन मेज पडला असता तर?

कृष्णाकाठ, जन्मजात की कमावलेलं हे राहिलंच. क्लेमेंटे शाळेत असताना भालाफेक करायचा. २००८ मध्ये पायरेट्सनी करारावर घेतलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. म्हणजे भाल्याचा हात चेंडूला लागू पडतो. पण चेक भालाफेकपटू यान झेलेझनीने १९९६ मध्ये ९८.४८ मीटरचा विश्वविक्रम केला, त्याच वर्षी अटलांटा ब्रेव्हज या बेसबॉल टीमने त्याची चाचणीही घेतली, आणि करार झाला नाही. खांदा थोडाफार देवाचा, बाकीचं शिकावं लागतं.

हाडवैद्य_नाशिक

बेसबॉलमधलं मला फार कळत नाही, पण फिजिओ म्हणून एक गोष्ट सांगते. १२ व्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूची हाडाची वाढती जागा मऊ असते. जोरात फेकून फेकून ती दुखावते. लेक “आतून दुखतंय” म्हणाली तर बर्फ लावून दुसऱ्या दिवशी परत मैदानावर पाठवू नका. फेकणं पूर्ण बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि बाबांनी अंगणात रोज लांब लांब थ्रो करून घ्यायचे, हे तर मुळीच नको.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, अंगणातले लांब थ्रो त्याच दिवशी बंद केले.

पाऊल वाचवायचा हिशोब तिला कागदावर करून दाखवला. तिने तो स्वतः ६० फुटांसाठी परत केला. रविवारी ओकलंडला (पिट्सबर्गातलं हे) फोर्ब्स फिल्डची उरलेली विटांची भिंत बघून आलो. क्लेमेंटे याच मैदानात राइटला उभा राहायचा म्हटल्यावर तिने भिंतीकडे पाठ करून बराच वेळ समोर बघितलं, मग विचारलं की तिसरा बेस कुठे असेल. मी अंदाजाने बोट दाखवलं. “एवढ्या लांब?” म्हणाली.

काल सामना होता. तिच्याकडे दोन चेंडू आले. पहिल्यावर बॅटरला पहिल्या बेसवर गाठायचा प्रयत्न केला, थोडक्यात हुकला. दुसऱ्यावर फेक कटऑफच्या छातीवर गेली आणि रनर दुसऱ्यावरच थांबला. गाडीत बसल्यावर तिने मला तीनदा विचारलं, “बघितलास ना तो थांबला ते?”

आता एकच अडलंय. ग्लोव्हमधून चेंडू काढताना तिच्या बोटांना शिवण सापडत नाही. बघून फिरवते, तोवर वेळ जातो. काय करावं?

सीमारेषा

वा! तीनदा विचारलं म्हणजे तिला कळलंय.

शिवणीसाठी मैदान लागत नाही. संध्याकाळी टीव्हीसमोर बसली की ग्लोव्ह आणि चेंडू मांडीवर द्या. चेंडू ग्लोव्हमध्ये हलकेच आपटायचा, न बघता हात घालून काढायचा आणि बाहेर आल्यावर बोटं कुठे पडली ते बघायचं. चुकली तर चेंडू परत आत. फेकायचा नाही, त्यामुळे ताईंचीही हरकत नसावी. रोज पन्नास वेळा. सुरुवातीला दहात दोन-तीनदा नाल सापडेल. दहात आठ झाले की मला इथे कळवा, मग पळत येऊन जमिनीवरचा चेंडू उचलण्याचं सांगतो.