सुडोकूची गोडी का ओसरत नाही?

गोदाकाठ (प्रश्न):
लंडनच्या 'द टाइम्स' या दैनिकाने नोव्हेंबर २००४ मध्ये सुडोकू छापायला सुरुवात केली आणि पाहता पाहता ते जगभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचले. त्यानंतर मोबाइलवर असंख्य खेळ आले आणि विस्मरणात गेले, परंतु ८१ घरांच्या या कोड्यासाठी आमच्या घरी आजही सकाळी पेपरची ओढाताण होते. प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि नऊ घरांच्या पेटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यावेत, एवढाच नियम. त्यात ना गोष्ट, ना चित्र, ना प्रतिस्पर्धी. 'वेळ जातो' एवढे कारण मला पुरेसे वाटत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उभे-आडवे:
माझ्या मते खरे कारण त्यातील हमीत आहे. कोडे सुटणारच, त्याचे उत्तर एकच असणार आणि तिथे अंदाजाने नव्हे, तर तर्काने पोहोचता येणार, ही ती हमी. समजा, डावीकडच्या वरच्या पेटीत ७ बसवायचा आहे. पहिल्या दोन ओळींत तो अन्य पेट्यांत आलेला आहे, म्हणजे इथे तो तिसऱ्या ओळीतच हवा. त्या ओळीतील तीन घरांपैकी एक भरलेले आहे आणि दुसऱ्याच्या स्तंभात खाली ७ आहेच. उरले एक घर. तो ७ लिहिताना कोणाचीही संमती घ्यावी लागत नाही, आणि असा निखळ निर्वाळा रोजच्या व्यवहारात फार क्वचित मिळतो. या हमीलाही मर्यादा आहे: १७ पेक्षा कमी अंक दिले तर उत्तर एकमेव राहूच शकत नाही, हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले.

पाटणादेवी:
आपला मुद्दा मोलाचा आहे, पण अपुरा वाटतो. पाठ्यपुस्तकातील उदाहरणालाही एकच उत्तर असते, तरी त्यासाठी घरात कोणी भांडत नाही! मांडणीचे आकर्षण विसरून चालणार नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त वर्गसमीकरण घातले ते भुंग्यांच्या रूपाने: थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले, थव्याचा आठ-नवमांश भागही तिकडेच गेला, आणि सुगंधाच्या लोभाने कमळात अडकलेल्या भुंग्याच्या गुंजारवाला बाहेरून भुंगी साद देत राहिली. एकूण भुंगे ७२. पडताळा घ्यावा: ६, ६४ आणि २. त्या कमळातील भुंग्यामुळेच वाचक आकडेमोडीकडे वळतो.

सायंतारा:
सुडोकूत तर कमळही नाही, म्हणून दोन्ही उत्तरांना एक जोड द्यावीशी वाटते. पाठ्यपुस्तकात वाट आखलेली असते. इथे कुठल्या कोपऱ्यातून शिरायचे हे आपण ठरवतो. हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन वास्तुविशारदाचे मानले जाणारे हे कोडे १९७९ मध्ये 'नंबर प्लेस' या नावाने छापले गेले, पण त्याला आजचे नाव आणि घाट मिळाला तो १९८४ नंतर जपानच्या 'निकोली' प्रकाशनाकडे. दिलेले अंक सममित असावेत हा दंडक त्यांनी घातला आणि कोडी हाताने रचण्यावर भर दिला. उत्तम रचनाकार एक घर सुटताच पुढचे दोन उघडतील अशी योजना करतो. त्यामुळेच कमी अंक म्हणजे अवघड कोडे, हा समजही टिकत नाही. पुष्कळ अंक दिलेले कोडेही एका नेमक्या जागी तासभर अडवून ठेवू शकते, आणि जाणकार सोडवणारे त्या एका जागेसाठीच रचनाकाराला दाद देतात.