प्राइड मिरवणुकीला महापालिकेनं पैसा द्यावा की रस्ता?

पायवाट

प्राइड मिरवणूक, म्हणजे समलिंगी, पारलिंगी अशा समाजाची मिरवणूक, जवळ आली की शहराच्या कारभाऱ्यांपुढे दोन मागण्या ठरलेल्या: मुख्यालयावर इंद्रधनुषी झेंडा लावा आणि अनुदानाचा धनादेश द्या. माझ्या मते या दोन्हींच्या आधी रस्ता मागायला हवा. वाहतूक आराखडा, बॅरिकेड, फिरती शौचालयं, रुग्णवाहिका, नंतरची झाडलोट हे सगळं महापालिकेनं स्वतःच्या माणसांकडून करून द्यावं, आणि ते सगळ्या सार्वजनिक मिरवणुकांना एकाच लेखी नियमानं मिळावं. रोख रक्कम नको.

कारण नाकारायचं असतं तेव्हा ‘तुम्ही आम्हाला नको’ असं कोणी लिहून देत नाही, कागद अपुरे निघतात. पोलंडच्या वॉर्सामध्ये जून २००५ ला महापौर लेख काचिन्स्की यांच्या कार्यालयानं समता मिरवणुकीला (तिथली प्राइड) परवानगी नाकारली, कारण काय तर आयोजकांनी वाहतूक आराखडा जोडला नाही. त्याच वेळी विरोधी मोर्च्यांना मात्र परवानगी मिळाली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं ३ मे २००७ च्या निकालात यात सभास्वातंत्र्याचा भंग आणि भेदभाव झाल्याचं ठरवलं. लॉस एंजेलिसमध्ये १९७० साली, स्टोनवॉल उठावाच्या (न्यूयॉर्कमधल्या समलिंगी बारवरच्या पोलीस धाडीविरुद्धचा उठाव) पहिल्या स्मृतिदिनी मोर्चा काढायचा होता, तर दहा लाख आणि पाच लाख डॉलरच्या दोन हमी मागितल्या गेल्या. तिथंही न्यायालयात जावं लागलं. आराखडा बनवणं हे महापालिकेचंच काम ठरलं, तर हे हत्यार हातातून जातं.

करदाता

असहमत. न्यायालयांनी शहरांना मिरवणुकीच्या आड येऊ नका असं सांगितलं, यजमान व्हा असं नाही. माणसं रस्त्यावर सुरक्षित चालली पाहिजेत, त्यांच्यावर हल्ला झाला तर पोलिसांनी मध्ये पडलं पाहिजे, याबद्दल माझी शंका नाही. ते हक्काचं आहे. पण शौचालयं, मंच, झाडलोट ही उत्सवाची सोय आहे आणि उत्सव ज्याचा, खर्च त्याचा.

‘सेवा म्हणजे पैसा नव्हे’ हेही खरं नाही. सफाई कामगारांचा जादा तासांचा भत्ता, टँकरचं डिझेल, शिवाय त्या दिवशी इतर प्रभागांतून उचललेली माणसं, हा सगळा खर्चच आहे. धनादेश निदान अंदाजपत्रकात दिसतो. सेवांचा खर्च पाच खात्यांत विखुरतो आणि लेखापरीक्षकाला सापडत नाही.

आणि ‘सगळ्यांना एकच नियम’ याचा अर्थ नीट लक्षात घ्या. उद्या या समाजाच्या विरोधात मोर्चा काढणाऱ्यांनाही तीच शौचालयं, तीच बॅरिकेड द्यावी लागतील. बॉस्टनला हा धडा झेंड्यावरून मिळाला. २००५ ते २०१७ या काळात नगरभवनासमोरच्या तिसऱ्या खांबावर मागणाऱ्या कुणालाही झेंडा लावू दिला, कधी नकार नाही. २०१७ मध्ये एका ख्रिस्ती गटाला पहिल्यांदा नाही म्हटलं आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात शहर ९-० नं हरलं. त्यानंतर शहरानं नियम बदलला: खांबावर जे फडकेल ते शहराचंच मत, तेही महापौरांच्या घोषणेनं किंवा परिषदेच्या ठरावानं. खांब एकतर सगळ्यांना खुला ठेवा, नाहीतर ठरावानं स्वतःचं मत मांडा. दोन्ही एकदम साधत नाही.

पायवाट

विरोधी मोर्च्यालाही रस्ता मिळेल, हे मला मान्यच आहे. वेळ आणि मार्ग वेगळे ठेवायचे. झेंड्याचा मुद्दाही पटतो. तो ठरावानंच लागावा, म्हणजे कोणत्या नगरसेवकानं कुठं मत दिलं ते नोंदलं जातं.

‘उत्सव ज्याचा, खर्च त्याचा’ हे मात्र सुरक्षेपाशी मोडतं. फोर्सिथ काउंटीच्या खटल्यात (१९९२) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मिरवणुकीचं बदलतं शुल्क रद्द केलं, कारण बंदोबस्ताचा खर्च विरोधकांच्या रागावर ठरत होता. दगड मारणाऱ्यांची संख्या वाढली की मार खाणाऱ्यांचं बिल वाढणार, हे चालू देता येत नाही. (त्या खटल्यातले आयोजक वंशवादी गटाचे होते. नियम नावडत्या माणसालाही लागू झाला, म्हणूनच तो उपयोगी आहे.)

आता आकडे. पाच हजार माणसं, आठ मीटर रुंद रस्ता, चौरस मीटरला एक माणूस धरला तर जमावाची लांबी ६२५ मीटर. त्यात वीस चित्ररथ. प्रत्येकी दहा मीटर लांबी आणि पंधरा मीटर मोकळं अंतर धरलं तर आणखी ५०० मीटर. मिनिटाला ५० मीटर चाल धरली, तर शेपूट एका बिंदूवरून जायला बावीस-तेवीस मिनिटं आणि दोन किलोमीटर मार्ग संपायला चाळीस. कागदावर तासाभराचं काम. प्रत्यक्षात पुढचा चित्ररथ नाचासाठी थांबतो, मागे माणसं दाटतात, दुप्पट वेळ लागतो. आधी दोन तास मांडणी, नंतर एक तास झाडलोट; म्हणजे रस्ता पाच तास बंद. अर्जात ‘दोन तास’ लिहिलेलं असतं. मग बस वळवण्याचा आदेश वेळेआधीच संपतो आणि वाहनं शेपटात घुसतात.

खजिनदार

पायवाट, तुमचा हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. सेवा हव्यातच, पण रोख रकमेशिवाय छोटी समिती उभीच राहत नाही. महापालिकेच्या गोदामात बॅरिकेड असतात, सांकेतिक भाषेचे दुभाषे नसतात. मंचाला जोडायचा चाकखुर्चीचा उतार, ध्वनिव्यवस्था, तिसऱ्या पक्षाचा (थर्ड पार्टी) विमा, स्वयंसेवकांचे वॉकीटॉकी हे सगळं बाहेरून आणावं लागतं. प्रायोजक आहेत म्हणाल, तर २०२५ मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आयोजकांना विचारा. राजकीय वारं फिरल्यावर जुन्या कंपन्यांनी हात आखडता घेतला.

खरी अडचण रोख रकमेत नाही, ती देण्याच्या पद्धतीत आहे. ‘आधी खर्च करा, बिलं द्या, मग परतफेड’ हा नियम मोठ्या संस्थांसाठी ठीक. ज्या गटाच्या खात्यात शिल्लकच नाही, तो मंचवाल्याला अर्धी रक्कम आगाऊ कुठून देणार? म्हणून मंजुरीच्या दिवशी निम्मी उचल, कार्यक्रमाच्या महिनाभर आधी तीस टक्के आणि उरलेले वीस टक्के हिशेब दिल्यावर. करार तीन वर्षांचा, म्हणजे नवी परिषद आली तरी चालू वर्ष बुडत नाही.

आणि एक गोष्ट अनुदान देणाऱ्यांच्या कधी लक्षात येत नाही: पुराव्याची कागदपत्रं. ‘उपस्थितांची सही-यादी आणि छायाचित्रं जोडा’ ही अट शिवणवर्गाला निरुपद्रवी आहे. इथं त्या यादीतल्या कित्येक माणसांनी आपली ओळख घरी किंवा कामावर उघड केलेली नसते, आणि महापालिकेचं दप्तर कुणीही अर्ज करून मागू शकतो. उपस्थिती मोजायची तर आकडा घ्या, नावं नकोत. पारलिंगी कलाकाराचं मानधन बँकेतल्या जुन्या नावानंच जाणार, त्याला इलाज नाही. पण ती पावती फक्त लेखापरीक्षकाला दाखवायच्या बंद पाकिटात राहावी आणि जाहीर अहवालात अनुक्रमांक यावा. करारात हे आधी लिहून घेतलं नाही, तर मागून कोणी ऐकत नाही.

आडरस्ता

पायवाट आणि खजिनदार, मी तुम्हा दोघांच्याही विरोधात. शहराचा पैसा आला की शहराचा शब्द येतो. न्यूयॉर्कच्या आयोजकांनी २०२१ मध्ये पोलिसांच्या तुकडीला २०२५ पर्यंत मिरवणुकीत बंदी जाहीर केली. सॅन फ्रान्सिस्कोत २०२२ मध्ये गणवेश घालून येऊ नका एवढंच म्हटलं, तर महापौरांनी आपणही चालणार नाही असं जाहीर केलं आणि शेवटी तडजोड झाली. या मिरवणुकीचं मूळ पोलिसांच्या धाडीविरुद्धच्या उठावात आहे. ज्यांच्याविरुद्ध घोषणा द्यायची त्यांच्याच सहीचा धनादेश घेतला, की घोषणापत्रक आधी दाखवायला सांगतात. चित्ररथ नसू द्या, मंच नसू द्या. चालत जायला अनुदान लागत नाही.

पायवाट

आडरस्ता, बुडापेस्ट आठवा. मार्च २०२५ मध्ये हंगेरीच्या संसदेनं अशा मिरवणुकांवर बंदी घालता येईल असा कायदा केला: सहभागी होणाऱ्याला दोन लाख फोरिंटपर्यंत दंड, ओळख पटवायला चेहरा टिपणारी यंत्रणा. पोलिसांनी बंदी घातलीच. महापौर गेर्गेई काराचोन्य यांनी मिरवणूक हा शहराचाच कार्यक्रम म्हणून जाहीर केला आणि २८ जूनला प्रचंड संख्येनं लोक चालले. आयोजक एकटे असते तर? कधी कधी शहराचं नाव हीच ढाल असते. त्या वेळी ते नाकारणं मला परवडणारं वाटत नाही.

खजिनदार, उचलीचा आणि पाकिटाचा मुद्दा मान्य. ‘रोख नको’ हे मी मागे घेतो, दुभाषे आणि विमा यांच्यापुरतं तरी.

चौथे_चाक

पैसा कुणाचा यावर एवढं लिहिलं, चित्ररथांच्या धोक्यावर एकही ओळ नाही. विल्टन मॅनर्स, फ्लोरिडा, १९ जून २०२१: मिरवणुकीतल्याच एका सहभागी गटाचा ट्रक अचानक पुढे झेपावला आणि एक माणूस गेला. चालकाला चालणं जमत नव्हतं म्हणून तो ट्रक चालवत होता. आधी घातपाताची आवई उठली, होता अपघात.

म्हणून: प्रत्येक वाहनाच्या चारही चाकांपाशी एकेक स्वयंसेवक, लांब ट्रेलरला सहा. चालकाचा परवाना आणि ब्रेक त्याच सकाळी तपासायचे. इंजिन सुरू असेल तेव्हा पुढे कुणी उभं राहायचं नाही, छायाचित्रासाठीसुद्धा नाही. जमण्याच्या मैदानात वाहनं आणि पायी तुकड्या वेगळ्या बाजूंना लावायच्या, कारण गर्दी ढिसाळ असते ती तिथंच.

बॅरिकेड संपूर्ण मार्गाला मागू नका. दोन किलोमीटर, दोन्ही बाजू, दोन मीटरचा एक तुकडा म्हणजे दोन हजार तुकडे. कुठल्याही गोदामात ते नसतात आणि असले तरी मांडायला रात्र पुरत नाही. ते चौक, अरुंद वळणं आणि मंचासमोर हवेत. जोडरस्त्यांच्या तोंडाशी महापालिकेचे भरलेले टँकर आडवे लावावेत, पण चालक आत बसलेला हवा. चालक चहाला गेला आणि किल्ली त्याच्या खिशात राहिली, तर अग्निशामक गाडी अडकते. मार्गावर सलग चार मीटरची पट्टी रुग्णवाहिकेसाठी मोकळी राहील असंच सगळं मांडायचं.

शौचालयं शंभर माणसांमागे एक धरा, म्हणजे पाच हजारांना पन्नास, सगळी बंद खोल्यांची, दारावर स्त्री-पुरुष पाटी नको. प्रत्येक ठिकाणी निदान एक चाकखुर्ची आत जाईल अशी. सगळी शेवटच्या मैदानात ठेवतात आणि सुरुवातीला दोन तास ताटकळणाऱ्यांचे हाल होतात; वीस तरी सुरुवातीला हवीत.

करदाता

टँकर आणि मोकळी पट्टी यांना माझा विरोध नाही, ती सुरक्षा आहे. शौचालयांचं बिल आयोजकांना जावं यावर मी ठाम आहे. आणि सेवा द्यायच्याच असतील, तर प्रत्येक खात्यानं किती तास, किती वाहनं, किती माणसं दिली याचा एकच तक्ता महिन्याभरात जाहीर करावा, सगळ्या मिरवणुकांचा शेजारी शेजारी.

खजिनदार

तो तक्ता आम्हालाच हवा आहे. त्यात ‘मिरवणुकीचं नाव’ या रकान्याशेजारी ‘अर्जाची तारीख’ आणि ‘परवानगीची तारीख’ हे दोन रकाने जोडा.